लिव्हरपूलचं पिअर हेड स्टेशन कुठे गेलं?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या नदीकाठी असलेल्या लिव्हर बिल्डिंगच्या जुन्या फोटोत मागच्या रस्त्यावर खांबांवर उभं असलेलं स्टेशन दिसतं, ते आता का नाही आणि प्रवासी मिळेनासे झाले म्हणून पाडलं का.

ते लिव्हरपूल ओव्हरहेड रेल्वेचं, म्हणजे रस्त्याच्या वर खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेचं, पिअर हेड स्टेशन. लिव्हर बिल्डिंग 1911 ची, म्हणजे तुमचा फोटो त्यानंतरचा आणि 1957 च्या आसपासपर्यंतचा. प्रवासी मात्र शेवटपर्यंत भरपूर होते. स्टेशन गेलं ते पायाखालच्या पत्र्यामुळे.

ही लाइन 1893 मध्ये सुरू झाली. विजेवर धावणारी जगातली पहिली उन्नत रेल्वे ती हीच. वाफेची इंजिनं वर चालवली तर ठिणग्या खालच्या मालावर पडतील, ही भीती होती. वीजघर होतं ब्रॅमली-मूर गोदीपाशी, जिथे आता एव्हर्टन फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम उभं आहे. गोद्यांच्या कडेकडेने साधारण दहा किलोमीटर लाइन, आणि पिअर हेडला उतरलं की समोरच मर्सी नदी ओलांडणाऱ्या फेरी बोटी. त्यामुळे इथे वर्दळ असायचीच.

रूळ लाकडी स्लीपरवर आणि स्लीपर लोखंडी कमानदार पत्र्यांच्या बंद डेकवर, रस्त्यापासून जवळजवळ पाच मीटर उंच. डेक बंद असल्याने पाणी खाली गळायचं नाही. पावसात गोदी कामगार त्याच्या आडोशाने चालत जायचे, म्हणून या लाइनला नावच पडलं ‘गोदीवाल्यांची छत्री’. पण त्याच डेकखाली, रस्त्यावरच्या रुळांवरून गोदीच्या मालगाड्या जायच्या, त्याही वाफेच्या! वरून पावसाचं पाणी, खालून धूर आणि वाफ. साठ वर्षं हे चाललं. पत्रे गंजून पातळ झाले.

1955 च्या तपासणीत दुरुस्तीचा आकडा निघाला सुमारे 20 लाख पौंड. खरी गोम इथे आहे. 1948 मध्ये ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, ही खाजगीच राहिली. कंपनीकडे एवढा पैसा नव्हता. नगरपालिका आणि गोदी मंडळाकडे हात पसरून झाले, दोघांनीही नकार दिला. माझ्या मते ही निव्वळ कद्रू नजर होती. लाइन शहराला हवी होती, खर्च तेवढा कुणालाच नको होता.

30 डिसेंबर 1956 ला शेवटच्या गाड्या धावल्या. प्रवासी बसवर ढकलले गेले. 1957 च्या सप्टेंबरमध्ये तोडकाम सुरू झालं आणि काही महिन्यांत पिअर हेड स्टेशनसकट जवळपास सगळं लोखंड भंगारात गेलं.

बघायचंच असेल तर लिव्हरपूल संग्रहालयात या लाइनचा एक मूळ डबा ठेवलाय. वापिंग गोदीच्या भिंतीत काही खांबांचे अवशेषही सापडतात. पिअर हेड स्टेशनच्या जागी आता फक्त रहदारीचा रुंद रस्ता आहे.