चिवड्यात हवा किती?

घरगुती उद्योग : तुमचे प्रश्न, काकूंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार काकू. कराडला दोन वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेते. पातळ पोह्यांचा चिवडा 480 रुपये किलो, तोच जास्त खपतो. भाच्याने इन्स्टाग्रामवर पेज काढून दिलं, 4,000 फॉलोअर झाले. त्याच्याच सांगण्यावरून गेल्या दिवाळीत 'डिलिव्हरी फ्री' केली. ऑर्डरी भरपूर आल्या, पण हिशेबाला बसले तर हातात काहीच नाही. आता तो म्हणतो जाहिरातीला पैसे घाल. घालू का?

उत्तर : ताई, थांबा. आधी शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि किलोभर चिवड्याचा खोका मापा. लांबी, रुंदी, उंची, सेंटीमीटरमध्ये. तिन्हींचा गुणाकार करून 5,000 ने भागा. बरेच कुरिअरवाले असं भागून येणारा आकडा आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, त्याचं भाडं लावतात. समजा खोका 30 बाय 30 बाय 25 आहे. झाले 22,500, म्हणजे साडेचार किलो! विकलात एक किलो आणि भाडं भरलंत साडेचार किलोचं. उरलेली साडेतीन किलो हवा तुम्ही पदरच्या पैशाने पुण्या-मुंबईला पोचवलीत.

आता बेसनाचे लाडू घ्या. किलोभर लाडू 20 बाय 20 बाय 10 च्या खोक्यात नीट बसतात. 4,000 भागिले 5,000, पाऊण किलोच्या थोडं वर. म्हणजे भाडं खऱ्या वजनाचंच. भाजणी, मेतकूट, शंकरपाळे हेही असेच गुणी. म्हणून बाहेरगावी लाडू आणि भाजणी जाऊ द्या, चिवडा कराडातच विका. घरपोच द्यायला शेजारचा एखादा कॉलेजचा पोरगा स्कूटरवर आनंदाने जाईल. आणि मुंबईचं गिऱ्हाईक 'चिवडाच हवा' म्हणून अडून बसलं तर त्याला तुमचा चिवडा मसाला पाठवा. 100 ग्रॅमची पुडी आणि सोबत कृतीची चिठ्ठी. पोहे काय, मुंबईतही मिळतात.

फ्री डिलिव्हरीचं म्हणाल तर फुकट कोणीच नेत नाही, कुणीतरी भरतं, आणि गेल्या दिवाळीत ते तुम्ही भरलंत. भाडं किमतीत धरा नाहीतर वेगळं सांगा. मी वेगळं सांगते. दोन-चार बायका कुरकुरतात, बाकीच्या देतात. हिशेबात गॅस, टेप, पिशवी, लेबल यांच्याबरोबर स्वतःची मजुरीही लिहा. पहाटे चारला उठून कढईपुढे बसणाऱ्या बाईचे हात फुकटचे नसतात, पण वहीत ही ओळ मला आजवर कुणाच्याच दिसली नाही. माझ्याही नव्हती, पहिली दोन वर्षं.

आता जाहिरात. या वर्षी नको. त्या 4,000 जणांतले दुसऱ्यांदा मागवणारे किती, ते मोजा. मी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमची कोल्हापुरी चटणी पुण्याला पाठवायला लागले, ती नात्यातल्या सहा घरांपासून. आजही माझा धंदा व्हॉट्सॲप बिझनेसवरच चालतो. तिथे कॅटलॉग करता येतो, फोटोखाली भाव लिहिला की 'केवढ्याला?' हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. एकच निरोप एकदम सगळ्यांना वेगवेगळा धाडायची जी ब्रॉडकास्ट यादी असते, तिच्यात 256 नावं बसतात, पण मेख अशी की समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर निरोप त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मला हे कळायला एक अख्खा उन्हाळा गेला. वर्षाची चटणी करायचा हंगाम, मी रोज निरोप पाठवतेय आणि तिकडे सगळं शांत! तेव्हापासून प्रत्येक पाकिटावर 'हा नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी चिकटवते.

आणखी एक, शब्दांचं. आम्ही कोल्हापूरकर जिला चटणी म्हणतो, तिला पुण्यात कांदा-लसूण मसाला म्हणतात. एका बाईंनी माझी 'चटणी' मागवली आणि इडलीबरोबर वाढली. नंतर फोनवर काय बोलल्या ते इथे छापता येणार नाही. आता कॅटलॉगात दोन्ही नावं आहेत.

प्रश्न : आम्ही गडहिंग्लजचे. पत्नी संकेश्वरी मिरचीचा मसाला करते. संकेश्वर आणि बेळगावहून मागणी येते. उलाढाल जेमतेम तीन लाख. काही नोंदणी लागेल का?

उत्तर : दादा, तुमची गंमतच आहे. मिरचीला नाव संकेश्वरचं, पण तोच मसाला संकेश्वरला पाठवलात की तो परराज्यात, कर्नाटकात गेला. मालाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात थेट विकताना जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकला की ही सवलत गेली, उलाढाल तीन लाख असो की तीन हजार. मसाला करपात्र आहे. म्हणजे गडहिंग्लजहून पार नागपूरला पाठवा, सक्ती नाही, आणि हाकेच्या अंतरावरच्या संकेश्वरला पाठवलात तर आहे. कायद्याला नकाशातली रेघ दिसते, एसटीचं तिकीट दिसत नाही. गावातल्या सीएकडे अर्धा तास बसा आणि मगच तिकडच्या ऑर्डरी घ्या.

अन्न परवान्याची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी मात्र उलाढाल कितीही लहान असली तरी लागते. मी घेतली तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती. मिळालेला 14 आकडी नंबर पाकिटावर छापायचा. त्याबरोबर घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर आधार नंबरावरून होते आणि पूर्ण फुकट आहे. 'दोन हजारात करून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. चहासुद्धा नको खरं तर.

प्रश्न : दीड हजारात 10,000 फॉलोअर देणारे खरे असतात का?

उत्तर : ते 10,000 जण पापड खातात का, एवढंच त्यांना विचार.

प्रश्न : एकाने 'मी लष्करात आहे' म्हणून 20 किलो लाडू सांगितले. पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि स्कॅन करून पिन टाका म्हणाला. मी घाबरून फोन ठेवला. मोठी ऑर्डर हातची घालवली का?

उत्तर : घालवली नाहीत, तुमचं खातं वाचवलंत. पैसे घेताना ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. कुणी ओळखीचं यात फसलंच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, जितका उशीर तितके पैसे हातातून निसटतात. 'पैसे टाकले' म्हणून आलेल्या फोटोवरही माल सोडू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसू दे.

मलाही असा एक 'मेजर' भेटला होता. 15 किलो चटणी, तीही संध्याकाळपर्यंत! मी म्हटलं, "साहेब, माझा कोड पाठवते, निम्मे पैसे टाका. खात्यात आले की मिरच्या उन्हात घालते." त्या मिरच्या अजून पोत्यातच आहेत.