गणित टाळण्यासाठी केमिस्ट्री नको

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलीला केमिस्ट्रीत पदवी करायची आहे आणि शाळेत या विषयात तिला कायम चांगले गुण आहेत. तिच्या वडिलांचा आग्रह मात्र केमिकल इंजिनीअरिंगचा आहे, कारण नुसत्या विज्ञानाच्या पदवीवर शिक्षकी पेशाखेरीज काही मिळत नाही असं त्यांना वाटतं. तुमची काळजी वेगळी आहे. ‘फिजिक्समध्ये गणित फार, केमिस्ट्री पाठ केली की जमते,’ असं ती म्हणते, त्यामुळे ही आवड आहे की पळवाट, हे तुम्हाला कळेनासं झालंय.

तुमची शंका मला सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून आधी तीच घेते.

पदवीच्या केमिस्ट्रीत गणित टळत नाही. फिजिकल केमिस्ट्री सुरू झाली की थर्मोडायनॅमिक्समध्ये डिफरन्शिएशन आणि इंटिग्रेशन पानोपानी लागतं. अभिक्रियेचा वेग शिकताना डिफरन्शियल समीकरणं येतात. क्वांटम केमिस्ट्रीत अणू-रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनचं वागणं सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण येतं. हायड्रोजनच्या अणूसाठी ते नेमकं सुटतं, पण हेलियमपासून, म्हणजे दुसरा इलेक्ट्रॉन आला की लगेच, अंदाजी पद्धतींकडे वळावं लागतं आणि त्यांना मॅट्रिक्स लागतात. गणित चुकवायला म्हणून आलेली मुलं अडकतात ती इथेच. हे सांगून मला तिला घाबरवायचं नाही. प्रमेयं सिद्ध करणारं गणित इथे नसतं, लागतं ते वापरायचं गणित, आणि नेटाने सराव केला तर ते येतं. पण ते करावं लागणार आहे, हे तिला प्रवेश घेण्याआधी ठाऊक असायला हवं.

एक छोटी परीक्षा सुचवते. तिला अर्‍हेनियसचं समीकरण (तापमानाबरोबर अभिक्रियेचा वेग कसा बदलतो ते सांगणारं) द्या आणि विचारा: वेगस्थिरांकाचा लॉगरिदम उभ्या अक्षावर आणि एक भागिले तापमान आडव्या अक्षावर घेतलं, तर आलेख सरळ रेषा का येतो, आणि त्या रेषेच्या उतारावरून काय कळतं? उत्तर बरोबर येतं की नाही, याला फार महत्त्व नाही. ती त्या प्रश्नापाशी थोडा वेळ रेंगाळते की लगेच पुस्तकात उत्तर शोधते, ते पाहा.

पाठांतराचंही तसंच. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत शेकडो अभिक्रिया असतात. त्या सुट्या सुट्या पाठ करणारा विद्यार्थी काही महिन्यांतच थकतो. त्यामागची कारणं मात्र मोजकी असतात. कार्बन आणि ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेले असले की ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, कार्बनवर किंचित धनभार येतो, आणि ज्याच्याजवळ इलेक्ट्रॉनची जोडी मोकळी आहे तो रेणू नेमका तिथेच येऊन भिडतो. आल्डिहाइड, कीटोन, एस्टर यांच्या कितीतरी अभिक्रिया या एका गोष्टीतून उलगडतात. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात याचे बाण काढण्यात जिला गंमत वाटते, तिला हा विषय फारसा पाठ करावाच लागत नाही.

आता ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही त्या गोष्टीकडे येते: प्रयोगशाळा. केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्याचा आठवड्यातला मोठा वेळ तिथे उभ्याने जातो, आणि शाळेतल्या टायट्रेशनवरून त्याची कल्पना येत नाही. पांढरे स्फटिक मिळायला हवेत तिथे तपकिरी चिकटा मिळतो. मग शोध सुरू होतो: सॉल्व्हंटमध्ये ओलावा राहिला का, तापमान चढलं का, मूळ पदार्थच अशुद्ध होता का? सगळं नीट झालं तरी हिशेब कठोर असतो. दहा पायऱ्यांनी एखादा रेणू बनवायचा आणि प्रत्येक पायरीला ८० टक्के यील्ड मिळालं, म्हणजे मिळू शकणाऱ्या पदार्थापैकी तेवढाच हाती आला, तर शेवटी हातात जेमतेम ११ टक्के उरतं. चिकाटी किती लागते पाहा: ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकांचे एक्स-रे फोटो १९३०च्या दशकात घेतले आणि त्याची रचना उलगडली १९६९ साली. मधल्या काळात पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या रचना त्यांनी सोडवल्या, १९६४ चं नोबेलही मिळालं, तरी इन्सुलिन त्यांनी सोडलं नाही. सगळ्यांना इतकी चिकाटी लागत नाही. पण फसलेला प्रयोग पुन्हा मांडताना ज्याचं मन विटतं, त्याला ही पदवी फार जड जाते. म्हणून एखाद्या विद्यापीठाची प्रयोगशाळा तिला प्रत्यक्ष दाखवा, आणि तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी तिला एकटीला बोलू द्या.

तिच्या वडिलांना माझा निरोप असा: केमिकल इंजिनीअरिंग उत्तम शाखा आहे, पण ती केमिस्ट्रीची जास्त पगाराची आवृत्ती नाही. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की आतलं आकारमान आठपट होतं आणि पृष्ठभाग चौपटच. उष्णता तयार होते आकारमानाच्या हिशेबाने आणि बाहेर पडते पृष्ठभागातून. त्यामुळे फ्लास्कमध्ये शांतपणे होणारी अभिक्रिया मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते. ती आवरायची कशी, द्रव वाहून न्यायचे कसे, मिश्रणं वेगळी करायची कशी, हा त्या शाखेचा गाभा. नवे रेणू तिथे फारसे कोणी बनवत नाही, आणि गणित तर केमिस्ट्रीपेक्षाही जास्त! हा रेणू असाच का वागतो, हे तिला छळत असेल तर केमिस्ट्री. तोच रोज टनावारी आणि सुरक्षितपणे कसा बनवायचा, हे छळत असेल तर इंजिनीअरिंग.

नोकरीबद्दल स्पष्टच लिहिते. नुसत्या पदवीवर औषधं, रंग, सौंदर्यप्रसाधनं यांच्या गुणवत्ता तपासणीत किंवा पाण्या-हवेच्या चाचणी प्रयोगशाळांत काम मिळतं. ही कामं चांगली असतात, पण त्यात तेच ते बरंच असतं. स्वतःचा प्रश्न घेऊन संशोधन करायचं असेल तर डॉक्टरेटला पर्याय नाही, म्हणजे पदवीनंतर आणखी बरीच वर्षं शिक्षण. हे घरात आजच बोलून घ्या. पेटंट, न्यायवैद्यक तपासणी, नव्या बॅटऱ्या, सेमीकंडक्टर अशा वाटाही आहेत. लिथियम-आयन बॅटरीच्या कामाला २०१९ चं नोबेल मिळालं, ते केमिस्ट्रीचंच. आणि या विषयांमधल्या भिंती बाहेरून वाटतात तितक्या उंच नसतात: भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ वेंकटरमण रामकृष्णन यांची डॉक्टरेट फिजिक्सची, तर २००९ चं नोबेल केमिस्ट्रीचं. शिक्षकी पेशाविषयी इतकंच, की मनापासून केमिस्ट्री शिकवणारी माणसं सगळीकडेच कमी आहेत.

तिने प्रवेश घेतलाच, तर जोडीला गणित, संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग जरूर घ्यावं. दुसऱ्या वर्षापासून एखाद्या प्राध्यापकांच्या संशोधनात मदत करू देता का, असं स्वतःहून विचारावं. विद्यापीठ निवडताना इमारत आणि नाव यांच्या आधी दोन गोष्टी पाहा: आठवड्याला प्रॅक्टिकलचे तास किती, आणि एनएमआर (रेणूची रचना ओळखणारं), क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं) यांसारखी यंत्रं पदवीच्या मुलांना स्वतः चालवू देतात की फक्त लांबून दाखवतात.