प्रोबायोटिक (जिवंत उपयोगी जिवाणूंच्या) कॅप्सूल घेतल्यानं वजन उतरतं का?

नुसत्या कॅप्सूलच्या भरवशावर राहू नका. २००६ साली अमेरिकेत लठ्ठ उंदरांच्या आतड्यातले जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले. सडपातळ उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा त्यांची चरबी जास्त वाढली. गाजावाजा तिथून वाढला. माणसांवरच्या कॅप्सूलच्या चाचण्यांत मात्र सरासरी फरक जेमतेम किलोभराचा.

बाहेरचे जिवाणू आतड्यात फारसे मुक्काम ठोकत नाहीत. आतल्यांना चारा लागतो, म्हणजे तंतू (फायबर). आमच्या परभणीकडं तो ताटातच असतो: ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. आई रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवते, सकाळी आंबील शिजवते. (शिजवल्यावर जिवाणू मरतात, पण अकरापर्यंत भूक लागत नाही.) वरून ग्लासभर ताजं ताक, बिनसाखरेचं.

कॅन्सरसाठी केमोथेरपी चालू असेल तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या.