मुंबईत फिश टँकसाठी वेगळा आरओ बसवावा का? की किचनमधल्या आरओचं पाणी चालेल?

तुमचे प्रश्न तसे साधे आहेत. नवा फ्लॅट, तीन फुटी टँक, त्याला वेगळा आरओ घ्यावा का, कोणता घ्यावा, खर्च किती, सोसायटीला विचारावं लागतं का. एवढंच असतं तर मी वाचून पुढे गेलो असतो. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, 'सासरे म्हणतात किचनमध्ये आरओ आहेच, जे पाणी माणसाला चालतं ते माशाला चालायलाच हवं.' हे वाक्य मी आमच्या भावोजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की त्यांची आणि तुमच्या सासऱ्यांची कुठे ओळख आहे का अशी शंका आली.

नाही चालत. निदान मशीनमध्ये नक्की काय काय बसवलंय हे बघितल्याशिवाय तरी नाही.

पहिलं काम, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर घ्या. दोन-तीनशे रुपयांत ऑनलाइन मिळतो. महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा पावसावर भरणाऱ्या तलावांचं. सह्याद्रीच्या कातळावरून उतरलेलं पाणी, त्यात क्षार फारसे नसतात. आमच्या भांडुपच्या बिल्डिंगीत निव्वळ पालिकेचं पाणी असेल तेव्हा मीटर ८०-९० दाखवतो. एंजल, टेट्रा, गुरामी यांना याहून चांगलं पाणी पैसे देऊनही मिळणार नाही. अँटी-क्लोरीनचे थेंब टाका आणि भरा. एवढेच मासे पाळायचे असतील तर आरओचा विचार इथेच सोडा.

घोळ होतो तो टँकरमुळे. पाणीकपात लागली की सोसायटी टँकर मागवते आणि तो त्याच खालच्या टाकीत ओतला जातो. टँकर म्हणजे बहुतेक वेळा बोअरचं पाणी, खाडीकडच्या पट्ट्यातलं असेल तर मचूळ. आज नळाला ८०, परवा ४००. पालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र आमच्याच भांडुपला आहे आणि आम्ही टँकरची वाट बघतो. हा विनोद बिल्डिंगीत आता कोणी करतही नाही. तुमचा फ्लॅट नवा आहे म्हणताय, तर किचनचा नळ आणि बाथरूमचा नळ वेगवेगळे मोजा. नव्या टॉवरमध्ये लाइन वेगळ्या असू शकतात, आणि टँकचा पाइप आपण नेमका बाथरूमच्या नळाला लावतो, सांडलं तरी चालतं म्हणून.

आता भावोजी.

माझ्याकडे एका टँकमध्ये क्रिस्टल रेड श्रिंप, म्हणजे शोभेच्या कोळंब्या होत्या. बोटाच्या पेराएवढे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि पाण्याच्या बाबतीत महाचिकित्सक. त्यांना केएच (पीएच टिकवणारे कार्बोनेट क्षार) जवळजवळ शून्य, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) चार ते सहा, टीडीएस सव्वाशेच्या आसपास लागतो. म्हणजे आरओचं कोरं पाणी घ्यायचं आणि त्यात मोजून मिनरल मिसळायचं. तेव्हा वेगळा आरओ नव्हता, किचनचाच होता. त्यात सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने 'अपग्रेड' म्हणून कॉपरची कार्ट्रिज बसवून दिली होती. बायको खूश. मी तेव्हाच त्याच्याकडून मेम्ब्रेनच्या (क्षार अडवणारा आरओचा मुख्य पडदा) लगेच पुढे एक टी (पाणी दोन वाटांना फोडणारा जोड) मारून घेतला आणि टँकसाठी वेगळी पाव इंची नळी काढली. म्हणजे पोस्ट कार्बन, टीडीएस ॲडजस्टर, कॉपर या सगळ्याच्या आधीचं पाणी. पिण्याचं पाणी मशीनच्या तोटीतून, टँकचं त्या नळीतून. घरात सगळ्यांना हे माहीत होतं.

गणपतीला आम्ही कणकवलीला जातो. जाताना वीस लिटरचा निळा कॅन भरून, मिनरल मिसळून, वर 'टँकचं पाणी' अशी चिकटपट्टी लावून ठेवला. चावी ताईकडे. ताई-भावोजी मुलुंडला राहतात, भावोजी निवृत्त, रोज संध्याकाळी फेरी मारून खाणं टाकणार होते. खरोखर मनापासून आले ते, एक दिवस चुकवला नाही. पण मध्ये टँकचं पाणी दोन बोटं उतरलेलं दिसलं. कॅन त्यांना दिसला होता. पण त्यातलं पाणी त्यांच्या मते शिळं. आठवडाभर बंद कॅनमधलं पाणी मुक्या जिवांना कसं घालायचं? त्यांनी त्या पाण्याने गॅलरी धुतली. आणि टँकमध्ये किचनच्या तोटीतून भरभरून 'ताजं' पाणी ओतलं. पातळी काठोकाठ. शिवाय फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, 'मासे मजेत'.

तुतारीने पहाटे ठाण्याला उतरून घरी आलो, लाइट लावला. श्रिंप जिवंत असताना सतत काहीतरी खुडत असतात, पुढचे बारके पाय शिलाईच्या मशीनसारखे चालू असतात. एकाचेही पाय हलत नव्हते. बरेचसे खाली मॉसमध्ये आडवे, अंगाची काचेसारखी झाक जाऊन शिजवल्यासारखे गुलाबी-दुधी झालेले. जे उरले होते ते फिल्टरच्या पाइपला धरून पाण्याच्या अगदी वर येऊन बसलेले. गोगलगायी दार लावून तळाला. आणि या सगळ्यातून टेट्रांचा थवा आरामात इकडून तिकडे फिरतोय.

हे टेट्राच नडले. कारण भावोजींचं म्हणणं आजतागायत हेच आहे, 'मासे जिवंत आहेत ना? मग पाण्यात दोष कसा? तुझ्या कोळंब्याच नाजूक होत्या. आणि तेच पाणी तुम्ही सगळे पिता, कोणाला काही झालं?' वर, 'आमची आजी तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यायची, नव्वदीपर्यंत जगली.' मी तोंड उघडणार तोच आईने मला आत बोलावून घेतलं. 'अरे जावई आहेत ते आपले. कोळंब्यांवरून बोलणार आहेस त्यांना?' तेव्हा बोललो नाही. म्हणून इथे लिहितो.

तांबं माणसाला थोड्या प्रमाणात लागतं. माशालाही थोडं सहन होतं. पण श्रिंप, गोगलगाय, खेकडा यांना जे प्रमाण मारतं त्याने माशाचं काही बिघडत नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर जी कॉपर सल्फेटची औषधं मिळतात ती अशाच फरकावर चालतात, रोगाच्या जंतूला मारणारं प्रमाण माशाला सोसतं, आणि त्यांच्या बाटलीवर श्रिंपच्या टँकमध्ये वापरू नका असं छापलेलं असतं. गंमत म्हणजे श्रिंपच्या स्वतःच्या रक्तात तांबं असतं. आपल्याकडे ऑक्सिजन वाहायला लोह, त्यांच्याकडे तांबं. पण ते रक्तातल्या प्रथिनात बांधलेलं. पाण्यात सुटं विरघळलेलं तांबं सरळ कल्ल्यांवर जातं. त्यातून पाणी जितकं मऊ तितका हा त्रास जास्त, कारण जड पाण्यातलं कॅल्शियम कल्ल्यांवर तांब्याला थोडीफार आडकाठी करतं. म्हणजे आरओने आधी कॅल्शियम काढून टाकायचं आणि पुढच्या कार्ट्रिजने तांबं घालायचं. श्रिंप मारण्यासाठी मुद्दाम मशीन बनवलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं. मी कुर्ल्याहून कॉपर टेस्ट किट आणून तिन्ही पाणी तपासली: नळाचं, टीच्या नळीचं आणि मशीनच्या तोटीचं. रंग फक्त तिसऱ्याला आला. ती बाटली भावोजींना दाखवली. म्हणाले, 'रंग छान आहे.'

तेव्हा तुमच्या सासऱ्यांना सांगा, मशीन उघडून बघू या. मेम्ब्रेननंतर कॉपर, मिनरल, अल्कलाइन असं काही असेल तर तोटीचं पाणी टँकला नाही. मेम्ब्रेननंतर लगेच टी मारून घेतलं तर ते मिनरल मिसळून उत्तम चालतं. लहान टँक असेल तर वेगळ्या मशीनची गरजच नाही. टीडीएस ॲडजस्टर असेल तर तोही बघा, तो कच्चं पाणी गुपचूप परत मिसळत असतो.

मी नंतर वेगळा बसवला, कारण एकाच घरात दोन तोट्या आणि एक भावोजी हे गणित परत जुळवायचं नव्हतं. परदेशातून मागवलेलं चार स्टेजचं आरओ-डीआय युनिट (डीआय म्हणजे उरलेसुरले क्षारही शोषणारं रेझिन) घेऊ नका, निदान पंपाशिवाय नको. ती बनतात थेट दाबाच्या लाइनसाठी. मुंबईत पाणी आधी खालच्या टाकीत, मग गच्चीवर, मग उतारानं आपल्या नळाला. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, म्हणजे दाबाच्या दुसऱ्या मापात चौदा पीएसआय. आम्ही वरून दुसऱ्या मजल्यावर, टाकीपासून सिंक जेमतेम आठ-नऊ मीटर खाली. मेम्ब्रेनला लागतात पन्नास-साठ पीएसआय. पंप न लावता जोडून बघितलं तेव्हा थेंब-थेंब येत होतं आणि ड्रेनला मात्र धार. ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलन) मेम्ब्रेन कागदावर दिवसाला २८४ लिटर देते. ती पुरेशा दाबाला आणि पंचवीस अंश तापमानाला.

इथे भावोजींचं मानतो. आयुष्य पंपांच्या कंपनीत गेलेलं. मुलुंडहून पान्ह्यांची पिशवी घेऊन आले, चोवीस व्होल्टचा बूस्टर पंप आणला, खाली रबराचे पॅड टाकून बसवला, टेफ्लॉन किती वेढे आणि कुठल्या दिशेने यावर मला अर्धा तास ऐकवलं, आणि एकही सांधा गळला नाही. बसवता बसवता म्हणाले, 'आमच्याकडे एवढा ऐंशी टीडीएस असून आरओ आहे, तुला कोळंब्यांसाठी लागतो होय!' मी म्हटलं, भावोजी, हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलंय की पाचशेच्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला. तर म्हणाले, 'ते माणसांसाठी. माशांचं वेगळं.' मी पाना खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिलो. ताईही बघत होती. त्यांच्या लक्षात आलं नाही.

तर माझं युनिट: स्पन फिल्टर, कार्बन, पंप, एसव्ही (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), ८० जीपीडीची मेम्ब्रेन, तिच्या मापाचा एफआर (ड्रेनची धार आवळणारा तुकडा), बस. यूव्ही नाही, दिव्यांची आरास असलेला डबा नाही. आरओच्या स्पेअरपार्टच्या कुठल्याही दुकानात सुटं जोडून मिळतं, ब्रँडेड मशीनपेक्षा बरंच स्वस्त. कार्बन वेळेवर बदला, कारण क्लोरीन मेम्ब्रेन खातं. पावसाळ्यात स्पन लवकर तपकिरी होतो. नवी मेम्ब्रेन लावल्यावर सुरुवातीचं तासा-दोन तासांचं पाणी फेकून द्या, तिच्यात साठवणीचं रसायन असतं. आणि कॅनला फ्लोट लावाच, कॅन भरला की तो पाणी थांबवतो. मशीन चालू ठेवून झोपलात तर सकाळी खालच्या मजल्यावरचे दार वाजवतात, आणि तेव्हा सोसायटीचा प्रश्न येतो; एरवी येत नाही. सिंकखालच्या अँगल कॉकवरून लाइन घेतलीत आणि ड्रेन सिंकच्याच पाइपात सोडलात तर कोणाला विचारायची गरज मला तरी पडली नाही. बाहेरच्या डाउनटेकला, म्हणजे गच्चीच्या टाकीवरून उतरणाऱ्या पाइपला, हात लावू नका. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा, ड्रिलची भोकं त्याच्या टाइल्सना पडणार.

वर मी 'वेगळा बसवा' असं म्हटल्यासारखं वाटत असेल, तर तसं नाही. गप्पी आणि मॉली ठेवणार असाल तर मुंबईचं पाणी त्यांना आधीच जास्त मऊ पडतं, आरओ लावून ते आणखी बिघडवाल. उलट फिल्टरमध्ये मूठभर कोरलचा चुरा टाका. नुसतं आरओचं पाणी तर कोणालाच घालू नका, केएच शून्य असेल तर पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही. माझे क्रिस्टल केएच शून्यावर राहतात ते तळाची आम्लधर्मी सॉइल (टँकची खास माती) पीएच धरून ठेवते म्हणून, तुमच्या टँकमध्ये रेती असेल तर हा प्रयोग नको. मरीन, म्हणजे समुद्री माशांचा टँक करणार असाल तर मेम्ब्रेनपुढे डीआय रेझिन लागेलच, मीटर शून्य दाखवेपर्यंत मीठ कालवायचं नाही. टँकरचं पाणी असेल तर रिजेक्ट (ड्रेनला फेकलं जाणारं) पाणी कुंड्यांना घालू नका. एक लिटरला तीन लिटर फेकलं जातं असं धरा, म्हणजे सातशे टीडीएसचं पाणी ड्रेनला नऊशेच्या वर जातं. आमच्याकडे ते लादी पुसायला आणि फ्लशला जातं.

कंपनी विचारलीत. ज्याचे पार्ट तुमच्या स्टेशनबाहेरच्या दुकानात मिळतात ते घ्या. ॲपवरून तक्रार नोंदवून माणसाची वाट बघायला लावणारं घेऊ नका, आणि सर्व्हिसला येणाऱ्या मुलाला आधीच सांगून ठेवा, फुकट दिलंस तरी कॉपर लावायचं नाही.