राजाश्रयापूर्वीची ख्रिस्ती मंडळी

प्रश्न : रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने आश्रय दिला म्हणून ख्रिस्ती धर्म पसरला, असे आम्ही शाळेत शिकलो. मग त्याआधीची सुमारे तीनशे वर्षे तो कशाच्या बळावर टिकला? आणि भारतात तो केव्हा पोहोचला? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शाळेतले ते विधान अर्धेच खरे आहे. इ. स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि त्याचा सहसम्राट लिसिनियस यांनी ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक दिली आणि जप्त झालेल्या मालमत्ता परत करवल्या. परंतु तोवर साम्राज्यातील बहुतेक मोठ्या शहरांत ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणारे समुदाय, स्थिरावल्या होत्या. सम्राटाने आश्रय दिला तो आधीच वाढलेल्या झाडाला.

येशूला क्रुसावर दिले गेले ते इ. स. ३०च्या सुमारास. त्याचे यरुशलेमातील (जेरुसलेममधील) पहिले अनुयायी सगळे यहुदी होते, मंदिरात जात होते आणि आपण नवा धर्म काढतो आहोत असे त्यांना वाटतही नव्हते. खरा प्रश्न उभा राहिला तो रोमन सिरियातील अंत्युखिया शहरात, जिथे ग्रीक भाषक विदेशी, म्हणजे यहुदी नसलेले, लोक मंडळीत येऊ लागले आणि जिथे शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम मिळाले. या लोकांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळायचे की नाही, यावर इ. स. ४९च्या सुमारास यरुशलेमात धर्मप्रचारक पौल, येशूचा शिष्य पेत्र आणि येशूचा भाऊ याकोब यांच्यासमोर वाद झाला आणि सुंतेची अट घालू नये असे ठरले. माझ्या मते कॉन्स्टंटाइनच्या फर्मानापेक्षा हा निर्णय अधिक दूरगामी होता. कारण यहुदी सभास्थानांत आदराने येणारे, पण सुंतेपाशी अडणारे अनेक ग्रीक लोक शहरोशहरी होते आणि त्यांची वाट त्या दिवशी मोकळी झाली.

पुढचा प्रसार झाला तो घराघरांतून. स्वतंत्र प्रार्थनामंदिरे नव्हतीच. राहुट्या करण्याचा व्यवसाय करणारे अक्विला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य जाई तिथे त्यांच्याच घरी मंडळी जमे, आणि पौलाची पत्रे अशा घरांतूनच मोठ्याने वाचली जात.

या वाढीचे उत्तम वर्णन एका विरोधकाने केले आहे. इ. स. ११२च्या सुमारास बिथिनियाचा, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानातील प्रांताचा, सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला कळवले की हा ‘अंधविश्वास’ शहरांपुरता न राहता खेड्यापाड्यांत शिरला आहे, देवळे ओस पडली होती आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळत नव्हते. (धर्माची नाडी बाजारभावावरून तपासणारा हा अधिकारी मोठा चाणाक्ष म्हटला पाहिजे.) सत्य काढण्यासाठी त्याने मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ केला. हाती लागले ते एवढेच, की हे लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात आणि चोरी, व्यभिचार न करण्याची शपथ घेतात. ट्राजनने उत्तर दिले : त्यांना हुडकत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, मात्र आरोप सिद्ध झाला आणि तरीही आपल्या रोमन देवांची पूजा करायला नकार दिला, तर शिक्षा करा. म्हणूनच छळ दीर्घकाळ तुरळक आणि स्थानिक राहिला. साम्राज्यभर सक्ती झाली ती २५० मध्ये सम्राट डेशियसच्या आणि ३०३ पासून सम्राट डायोक्लेशियनच्या काळात.

भारताविषयी. येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, प्रेषित थोमा, इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला, ही तिथल्या ख्रिस्ती समाजाची जुनी परंपरा आहे. समकालीन लेखी पुरावा मात्र नाही. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने मलबारातील ख्रिस्ती लोकांबरोबरच ‘कल्लियाना’ येथील बिशपचीही नोंद केली आहे. हे ठिकाण म्हणजे आपले ठाणे जिल्ह्यातील कल्याण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तिथला बिशप नेमून येई तो इराणातून, म्हणजे रोमन सम्राटाची सत्ता कधीच चालली नाही अशा मुलखातून.