डीएमडी (ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू कमजोर करणारा जनुकीय आजार) असलेल्या मुलाला फिजिओथेरपीचा खरंच उपयोग होतो का? घरी कोणते व्यायाम करून घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, ड्युशेनचं निदान जनुक तपासणीत पक्कं झालंय आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, "रोज जिना चढ-उतर करायला लावा, पायात ताकद येईल." मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशी मुलं बरीच वर्षं पाहते आहे. म्हणून आधी त्या जिन्याबद्दलच सांगते. व्यायाम म्हणून जिना बंद करा, त्यातही उतरणं.

कारण असं की या आजारात डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. स्नायूच्या पेशीचं आवरण कामाच्या ताणात टिकतं ते त्याच्या आधारावर. ते नसलं की पेशी फाटत राहतात, आणि कालांतराने त्यांच्या जागी चरबी व निबर तंतू भरतात. त्याच्या पोटऱ्या पैलवानासारख्या दिसत असतील तर ती ताकद नव्हे, हेच आहे. सगळ्यात जास्त इजा होते ती स्नायू लांबत असताना त्याला भार पेलावा लागतो तेव्हा: जिना उतरताना, उठाबशा काढताना, उड्या मारताना. त्यामुळे वजनं बांधून व्यायाम नको. (आमच्यातलेही काही जण अजून मुलांच्या पायाला वाळूच्या पिशव्या बांधतात. तसं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.) दुसऱ्या दिवशी पाय दुखले तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मग फिजिओथेरपी कशासाठी? ताकद वाढवायला नाही, सांधे मोकळे ठेवायला. पोटरीची शीर आखडली की टाच टेकत नाही, मूल चवड्यांवर चालतं, तोल जातो आणि पडणं वाढतं. यात घरच्यांच्या हातात बरंच काही असतं.

पोटरीचं स्ट्रेचिंग असं करा. मुलाला उताणं झोपवा, गुडघा सरळ. त्याची टाच तुमच्या तळव्यात घट्ट धरा, तुमचा हात कोपरापर्यंत त्याच्या तळपायाला लागू द्या आणि पाऊल हळूहळू नडगीकडे न्या. नुसता चवडा दाबू नका, त्याने पाऊल मधेच वाकतं आणि टाच तिथेच राहते. अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं, असं दहाएक वेळा. आठवड्यातून चार ते सहा दिवस. ताण जाणवावा, दुखू नये. मांडीची मागची बाजू आणि खुब्याचा पुढचा भाग यांचंही स्ट्रेचिंग लागतं, ते मात्र कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या. खुब्यासाठी सोपी युक्ती म्हणजे टीव्ही बघताना पालथं झोपवणं. रात्री घोट्याचे स्प्लिंट (पाऊल काटकोनात धरून ठेवणारे आधार) बांधा. चालत्या मुलाला दिवसा नकोत, त्यांनी चालणं उलट अवघड होतं. तेलाने हलकं मालिश करायला हरकत नाही, पण त्याने शीर लांबत नाही.

पोहणं उत्तम, कोमट पाणी मिळालं तर फारच छान. सपाट रस्त्यावर सायकल चालेल. दमण्याआधी थांबायचं, एवढं मात्र त्याला शिकवा. शाळेला पत्र देऊन वर्ग तळमजल्यावर मागून घ्या, घरात कमोड बसवा. उचलताना काखेत हात घालून उचलू नका, खांदे सैल असल्याने मूल हातातून निसटतं.

व्हीलचेअरचं नाव काढलं की बरेच पालक उठून जातात. मला वाटतं ती थोडी लवकरच घ्यावी. लांबच्या अंतरासाठी वापरली तर मूल दमून घरी बसत नाही, लग्नाला-जत्रेला येतं. पुढे पूर्ण वेळ खुर्ची लागली की पाठीचा कणा वाकू लागतो, तेव्हा बसण्याची ढब दर भेटीत तपासायला हवी.

श्वास आणि हृदयाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, कारण मुलाला काहीच त्रास जाणवत नसतो. आत्तापासून वर्षातून एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुंकर मारायची स्पायरोमेट्री (फुप्फुसांची तपासणी) करून घ्या. पुढे खोकल्याचा जोर कमी झाला की अंबू बॅगने (हाताने दाबून हवा भरायच्या पिशवीने) छाती फुलवायला आम्ही घरच्यांना शिकवतो. स्टेरॉइड चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला आजाराचं नाव आधी सांगा. सक्सिनिलकोलिन हे औषध या मुलांना चालत नाही.

स्नायूंचा हा आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा. मुलाच्या आईचीही जनुक तपासणी करून घ्या. ती वाहक (सदोष जनुक बाळगणारी) निघाली तर तिचाही इको अधूनमधून व्हायला हवा, आणि मावशीला, बहिणीला मूल होण्याआधी ही माहिती मिळायला हवी.