‘कॉस्च्यूम बॉल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: व्हिक्टोरिया राणीवरच्या मजकुराचं भाषांतर करताना एका ताईंना ‘कॉस्च्यूम बॉल’ भेटला. त्यांनी ‘मुखवटा-नृत्य’ लिहिलं, संपादकांनी ते खोडून ‘वेषांतर-नृत्य’ केलं. बरोबर काय?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

मुखवट्यांचं नृत्य हा निराळा प्रकार. ओळख लपवणं हीच त्यातली गंमत, आणि धोकाही. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याच्यावर १६ मार्च १७९२ रोजी स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात गोळी झाडली गेली ती अशाच नृत्यात. मारेकऱ्याला मुखवट्यांची गर्दी आयतीच मिळाली. ‘वेषांतर’चीही तीच अडचण. वेषांतर केलेल्या माणसाला कोणी ओळखू नये अशीच आपली अपेक्षा असते.

व्हिक्टोरियाच्या नृत्यात सगळं याच्या उलट होतं. १२ मे १८४२ला बकिंगहॅम राजवाड्यात ती राणी फिलिपा होऊन आली आणि तिचा नवरा आल्बर्ट झाला तिसरा एडवर्ड, म्हणजे चौदाव्या शतकातलं राजाराणीचं जोडपं. सगळ्यांनी ओळखावं, शिवाय राजघराण्याची परंपरा किती जुनी हेही ध्यानात घ्यावं, यासाठीच तो थाट. पोशाखांच्या इतिहासाचे जाणकार प्लांशे यांना सल्ल्यासाठी बोलावलं होतं आणि वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या समाध्यांवरच्या मूर्ती नमुन्याला घेतल्या होत्या. तरी लँडसिअरच्या चित्रात राणीची कंबर पाहा, ती पक्की १८४०च्या दशकातलीच आहे! पुढे १८४५ला अठराव्या शतकाच्या मध्याचे पोशाख ठरले, १८५१ला दुसऱ्या चार्ल्सच्या काळातले. अमुकच काळाचे कपडे, हा या समारंभांचा नियम.

‘कॉस्च्यूम’ शब्दाचं मूळही इथे जुळतं. ‘कस्टम’ म्हणजे चालरीत, तो याचा सख्खा भाऊ. इटालियनमधून आलेला हा शब्द आधी चित्रकलेत वापरत: ज्या काळाचं चित्र, त्या काळाची रीत त्यात दिसली पाहिजे, या अर्थाने. नुसते कपडे हा अर्थ नंतरचा.

‘फॅन्सी ड्रेस’ चालेल का, असंही ताईंनी विचारलंय. त्या काळचे इंग्रज ‘फॅन्सी बॉल’ म्हणतच. पण मराठीत या शब्दाने शाळेचं संमेलन डोळ्यांपुढे येतं, टिळकांची पगडी सावरणारा मुलगा आणि त्याच्या शेजारी रडवेलं झालेलं केळं. राणीला त्या रांगेत उभं करवत नाही.

मला स्वतःला ‘सोंग’ फार आवडतो. लळितात, बोहाड्यात सोंग येतं तेव्हा मुखवट्यामागचा माणूस कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. पण ‘सोंग करतोय’ म्हटलं की ढोंगाचा वास येतो, म्हणून भाषांतरात नको. एरवी १८४२च्या प्रसंगाला ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही’ ही म्हण इतकी चपखल बसते! हा समारंभ लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांना काम मिळावं म्हणून, असं सांगितलं गेलं. त्याच्या नऊच दिवस आधी कामगारांसाठी मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचा, तेहेतीस लाखांवर सह्यांचा अर्ज पार्लमेंटने बाजूला सारला होता.

तर माझा कौल ‘पोशाखी’ला. ‘पोशाखी चित्रपट’ आपण सहज म्हणतो, आणि राजेरजवाड्यांच्या काळातले कपडे लगेच डोळ्यांपुढे येतात. शिवाय ‘वरवरचं, मिरवण्यापुरतं’ ही या शब्दाची दुसरी छटा इथे आपसूक लागू पडते. लंडनच्या डेव्हनशर हाउसमध्ये २ जुलै १८९७ला अशाच नृत्यासाठी सुमारे सातशे पाहुणे जमले होते. यजमानीणबाई प्राचीन सीरियातल्या पाल्मिराची राणी झेनोबिया होऊन उभ्या, आणि फोटो काढायला बागेत लाफायेत कंपनीचा तंबू! याला पोशाखी नाही म्हणायचं तर कशाला?

पहिल्या उल्लेखाला ‘ऐतिहासिक पोशाखांतला नृत्यसमारंभ’ असं ऐसपैस लिहावं, पुढे ‘पोशाखी नृत्य’ पुरे. ‘बॉल’ तेवढा टाळा. नाचाचा बॉल फ्रेंच ‘बाल’वरून आला, चेंडूशी त्याचं काही नातं नाही, पण ‘राणीने बॉल दिला’ असं वाचल्यावर मराठी वाचक फलंदाज कोण ते शोधू लागतो.